एका बाजूचा पंचनामा

पालघर-बोईसरला खोली भाड्याने मागायला कुणी आलं की घरमालक नाव-गाव नंतर विचारतो. पहिला प्रश्न असतो, "फॅमिली की बॅचलर?" फॅमिली म्हटलं की खुर्ची पुढे येते. बॅचलर म्हटलं की मालकाला एकदम आठवतं, खोलीचा शब्द कालच दुसऱ्या कुणाला देऊन झालाय. तारापूर एमआयडीसीत नोकरीला लागलेल्या पोरांना विचारा. अपॉइंटमेंट लेटर मिळवायला जेवढे जोडे झिजले नसतील, तेवढे खोली मिळवायला झिजलेले असतात.

आमच्या पालघरच्या घराच्या वरच्या मजल्यावर मात्र बॅचलरच राहतात. हा काही माझ्या पुरोगामीपणाचा पुरावा नव्हे. मजला चढवायला कर्ज काढलं होतं आणि हप्ता कुणासाठी थांबत नाही. शिवाय आधीच्या दोन्ही फॅमिली भाडेकरूंनी नळाच्या धारेपासून खिडकीच्या जाळीपर्यंत प्रत्येक गोष्टीवरून माझा जीव खाल्ला होता. पोरं तक्रार करत नाहीत. गीझर बंद पडलाय हे त्यांना पहिली थंडी पडल्यावर कळतं. अकरा महिन्यांचं अ‍ॅग्रीमेंट, पोलीस ठाण्यात भाडेकरूंची माहिती, आणि माझ्या अक्षरातला नियमांचा कागद एवढ्यावर व्यवहार उरकतो. शेजारणींनी सुरुवातीला नाकं मुरडली. आता त्यांच्याच मुलांच्या मोबाइलची, लॅपटॉपची दुखणी वर नेऊन बरी करून आणतात.

सध्या वर चौघं आहेत. त्यांना मी जिल्ह्यांनी ओळखते, आणि तेही एकमेकांना तसंच हाक मारतात. सातारा एका औषध कंपनीत प्रॉडक्शनला, तीन शिफ्टमध्ये फिरणारा. धुळे इंजिनीअरिंगच्या कारखान्यात, कॉन्ट्रॅक्टवर. बीड कापड गिरणीत सुपरवायझर. आणि नांदेड जिल्हा परिषदेत कनिष्ठ सहायक. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ ला ठाण्यातून वेगळा झाला. त्याआधी सातबाऱ्याच्या वरच्या कामाला लोक ठाणं गाठायचे. जिल्हा झाला, कचेऱ्या आल्या, आणि कचेऱ्यांबरोबर स्पर्धा परीक्षा पास झालेली नांदेडसारखी पोरं आली. म्हणजे आमच्या मजल्यावर तीन कंपनीचे बॅचलर आणि एक सरकारी. हा फरक किती मोठा आहे ते पुढे येईलच.

या चौघांचा कुलदैवतासारखा पुजलेला एक सिनेमा आहे, 'प्यार का पंचनामा'. २०११ सालचा, लव रंजन दिग्दर्शित. दिल्लीत एका फ्लॅटमध्ये राहणारे तीन नोकरदार मित्र, तिघंही प्रेमात पडतात, तिघांचीही त्यात पार वाताहत होते आणि शेवटी तिघंही सुटल्याचा सुस्कारा सोडून पुन्हा एकत्र येतात. सिनेमा आला तेव्हा ही पोरं शाळेत होती. तरी त्यातलं कार्तिक आर्यनचं ते लांबलचक भाषण त्यांना तोंडपाठ आहे. पोरीला काय हवं असतं, ती काय बोलते, त्याचा अर्थ काय निघतो आणि आपण काहीही केलं तरी चूक आपलीच कशी ठरते, याचा पाचेक मिनिटं चाललेला धबधबा. २०१५ मध्ये दुसरा भाग आला, त्यात भाषण आणखी लांबवलं. धुळे ते गच्चीवर उभा राहून साभिनय म्हणतो. एकदा पाण्याची मोटर कुणी चालू ठेवली हे विचारायला वर गेले, तर भाषण ऐन रंगात होतं. मी जिन्यातच थांबले. शेवटाला बाकीचे तिघं टाळ्या पिटत होते, आणि खोटं कशाला सांगू, मलाही हसू आवरेना. मोटर तोवर चालूच होती.

भाषण लिहिणाऱ्याला दाद द्यायलाच हवी. एका श्वासात, न अडखळता, तक्रारीवर तक्रार चढत जाते आणि प्रत्येक तक्रार ऐकणाऱ्याला आपल्या घरातली वाटते. त्यातल्या निम्म्या खऱ्याही आहेत. ज्याला पोरगी सोयीपुरता वापरून घेते, बिलं भरायला लावते आणि 'आपण फक्त मित्र' म्हणते, असा तो लिक्विड नावाचा पोरगा प्रत्येक मजल्यावर एक तरी असतोच. आमच्याकडे बीड आहे. पण तो सिनेमा मी नंतर घरी बसून सलग पाहिला तेव्हा जाणवलं, की त्यातल्या तिन्ही मुली काय करतात ते दिसतं, का करतात ते कुठेच दिसत नाही. त्या एकट्या असताना कॅमेरा त्यांच्याकडे फिरकतच नाही. फिर्यादी पोरगाच, पंच त्याचेच दोन मित्र, आणि आरोपी हजर नसताना सह्या झाल्या.

आरोपी मला रोज भेटतात. मी बोईसरच्या एका बँकेत नोकरी करते. पालघरहून मधलं उमरोळी सोडलं की पुढचं बोईसर, पाव तासाचा प्रवास. १६ एप्रिल २०१३ ला डहाणूपर्यंत लोकल सुरू झाली तोपर्यंत आम्ही शटल आणि पॅसेंजरच्या भरवशावर होतो. लोकल आल्यावर विरार, सफाळे, केळवे रोडकडच्या मुलींना बोईसरची नोकरी आवाक्यात आली. सकाळच्या लेडीज डब्यात त्या असतात. बी. एस्सी., एम. एस्सी. झालेल्या, क्यूसी लॅबमध्ये, पॅकिंगमध्ये, अकाउंट्सला. पाव तास थोडा वाटतो, पण गाडी उशिरा येण्याचा वेळ धरला की गप्पांना पुष्कळ पुरतो. आणि मधल्या वयाच्या बाईकडे कुणाचं लक्ष नसतं. मी खिडकीबाहेर बघत सगळं ऐकते.

तिथे काय ऐकू येतं? तो म्हणतो, रात्री बारापर्यंत ऑनलाइन कशी दिसतेस. तो म्हणतो, फोनचा पासवर्ड सांगण्यात लपवण्यासारखं काय आहे. त्याच्या आईला नोकरी करणारी सून चालेल, पण गावाजवळ. त्याचं प्रेम आहे, फक्त घरी सांगायची हिंमत बहिणीचं लग्न झाल्यावर येणार आहे, आणि बहीण अजून बारावीत आहे. एक जण सांगत होती, "मी पगारातले पैसे घरी पाठवते याचं त्याला कौतुक होतं. आता विचारतो, लग्नानंतर पण पाठवणार का?" डब्यात एकदम शांतता झाली. मग दुसरी म्हणाली, "मग तू काय म्हणालीस?" "म्हटलं, तू पाठवणार का?" त्यावर जो हशा पिकला, तो आमच्या गच्चीवरच्या टाळ्यांना तोडीस तोड होता.

म्हणजे विनोदी सिनेमाचा अर्धा भाग माझ्या डोक्यावर राहतो आणि अर्धा मला सकाळी गाडीत भेटतो. दोन्ही अर्ध्यांना वाटतं, आपलाच सिनेमा पुरा आहे.

लग्नाळू पोरांवरचे सिनेमे मराठीला नवे नाहीत. १९३८ साली हंस पिक्चर्सने 'ब्रह्मचारी' काढला, लेखन आचार्य अत्र्यांचं, दिग्दर्शन आणि नायकाचं काम मास्टर विनायकांचं. नायक औदुंबर ब्रह्मचर्यावरचं व्याख्यान ऐकून पेटतो, भिंतीवरची नट्यांची चित्रं फेकून देतो आणि आश्रमात जाऊन राहतो. मग तिथे किशोरी येते आणि व्याख्यानाचं जे व्हायचं ते होतं. मीनाक्षी शिरोडकर पोहण्याच्या पोशाखात पडद्यावर आल्या म्हणून त्या काळी गदारोळ उठला, आणि आज लोकांना त्या सिनेमातलं तेवढंच आठवतं. मला त्यातली गंमत दुसरीच वाटते. अत्र्यांचा रोख किशोरीवर नाही. ती मोकळी आहे, पोहते, गाते, तिला हवा तो माणूस मिळवते. हसं होतं ते औदुंबराचं, बाईपासून स्वतःला वाचवायला निघालेल्या पुरुषाचं. पुढे दोन वर्षांनी विनायकांनीच चिं. वि. जोशींच्या कथेवर 'लग्न पहावे करून' केला. नावातच सगळं आलं.

पण आमच्या वरच्या मजल्याचा खरा पूर्वज म्हणजे 'अशी ही बनवाबनवी', १९८८. तो टीव्हीवर लागला की चौघं खाली येऊन आमच्या हॉलमध्ये बसतात, कारण तो एकट्याने बघायचा सिनेमा नाही. मुळात ही गोष्ट बंगालीतली, १९५५ च्या 'जय मा काली बोर्डिंग'ची. तिथून ती हृषीकेश मुखर्जींच्या 'बीवी और मकान'मध्ये १९६६ साली हिंदीत आली. पण वसंत सबनीसांच्या संवादांनी आणि सचिनच्या दिग्दर्शनाने ती अशी काही पुण्याची झाली, की तिचं मूळ कुणी शोधायला जात नाही. घरमालक सरपोतदार पोरांना घराबाहेर काढतात. दुसरीकडे लीलाबाई काळभोर नावाची मालकीण फक्त जोडप्यांना जागा देणार. म्हणून सुधीर आणि परशुराम साड्या नेसतात. चौघं बॅचलर दोन फॅमिली होऊन राहतात.

मालकीण म्हणून मी लीलाबाईंच्या बाजूने सिनेमा बघते हे पोरांना माहीत आहे, त्यावरून मला चिडवतातही. पण बघता बघता एक गोष्ट मला दरवेळी नव्याने दिसते. या सिनेमात प्रेमाची भानगड सुरू होते ती खोलीपासून. पोरींनी पोरांचं काही वाकडं केलेलं नाही. उलट धनंजय माने ज्या सौंदर्यप्रसाधनांच्या दुकानात नोकरी करतो त्याची मालकीण माधुरी आहे, म्हणजे नायिकाच नायकाची साहेब. १९८८ साली कुणालाही ते खटकलं नाही, त्यावर भाषणही झालं नाही. आणि दोन पुरुषांना साडी नेसून, पदर सावरत, परक्या पुरुषांच्या नजरा चुकवत, बायकांच्या घोळक्यात उठबस करत दिवस काढावे लागतात. परशुरामाचं तर खोटं डोहाळजेवणही होतं. ते विनोदासाठीच होतं हे कबूल. त्यातले काही विनोद आज कानाला बोचतात, तेही कबूल. तरी पुरुषाला घटकाभर बाईच्या जागी उभं करण्याची युक्ती त्या गोष्टीत आहे. 'पंचनामा'त ती नाही. तिथे पोरांकडे फ्लॅट आहे, नोकरी आहे, गाडी आहे, सोफा आहे. अडचण म्हणून एकच उरते, पोरगी. तेवीस वर्षांनी मोठा झालेला सिनेमा माझ्या मते तेवीस वर्षांनी लहान झाला. धुळ्याला हे सांगितलं तर म्हणाला, "काकू, तुम्ही फार विचार करता."

विचार करायला भाग पाडलं ते नांदेडने, म्हणजे त्याच्या स्थळांनी. चौघं एकाच मेसचा डबा खातात, एकाच बाथरूमबाहेर रांग लावतात, दिसायला तर सातारा सगळ्यांत उजवा. पण स्थळं येतात ती फक्त नांदेडला. आठवड्याला कुणाच्या तरी मामाचा फोन असतो. पगार विचारायच्या आधी एकच गोष्ट विचारली जाते, "परमनंट ना?" साताऱ्याचा पगार नांदेडपेक्षा जास्त आहे. पण कंपनी आज आहे, उद्या नाही, असं मुलीचे वडील म्हणतात, आणि बँकेच्या काउंटरमागे बसून तारापूरच्या कारखान्यांची खाती चालू-बंद होताना बघणाऱ्या मला त्यांना खोटं ठरवता येत नाही. धुळ्याची गोष्ट तर सोडूनच द्या. कॉन्ट्रॅक्ट या शब्दाशी मामांचे फोन संपतात. शिवाय तारापूर म्हटलं की लोक नाकाला रुमाल लावतात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ साली देशातल्या प्रदूषित औद्योगिक पट्ट्यांची क्रमवारी काढली, तीत तारापूरचा नंबर पहिला होता. अशा नंबराची बातमी विदर्भ-मराठवाड्यातल्या मुलीच्या बापापर्यंत बरोबर पोचते. आमची पोरं बोईसर सोडून पालघरला राहतात त्यामागे तेही एक कारण आहे.

बीड यावर काही बोलत नाही. त्याचं तिसावं उलटून गेलंय. डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात लग्नाच्या वयाच्या पोरांनी मुंडावळ्या बांधून, घोड्यावर बसून, बँड लावून जिल्हाधिकारी कार्यालयावर मोर्चा नेला होता. लग्नाला मुली मिळत नाहीत, गर्भलिंगनिदानाविरुद्धचा कायदा नीट राबवा, अशी मागणी होती. टीव्हीवर ती दृश्यं आली तेव्हा धुळे हसून लोळत होता. बीड गप्प होता. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे ८९४ मुली होत्या. दहा वर्षांपूर्वी हाच आकडा ९१३ होता. बीड जिल्ह्यात २०११ ला तो ८०७ वर आला होता. म्हणजे हजार पोरांमागे जवळजवळ दोनशे पोरी कमी. आमचा बीड त्या गणतीच्या आधीच्या पिढीतला, पण त्याच्या भावांचं काय होणार ते त्याला ठाऊक आहे. गच्चीवरच्या त्या भाषणात पोरींच्या सतरा तक्रारी आहेत, पण या गैरहजर पोरींचा उल्लेख येत नाही. येईल कसा? तो आला तर प्रेक्षागृहात हसणार कोण?

आमच्याकडे धुण्याभांड्याला येणारी ताई वारली समाजातली आहे, विक्रमगडकडची. वरच्या पोरांचं प्रेमप्रकरण, ब्रेकअप, लिव्ह-इन असं काही कानावर पडलं की तिला हसू येतं. तिच्या समाजात पोरगा-पोरगी मनाने एकत्र राहायला लागतात, संसार थाटतात, मुलंबाळं होतात, आणि लग्नाचा खर्च जमेल तेव्हा लग्न लागतं. कधी कधी आईबापांचं आणि त्यांच्या पोराचं लग्न एकाच मांडवात. तिचं स्वतःचं लग्न लागलं तेव्हा तिची थोरली मांडवात भाकऱ्या वाढत होती. आमच्या मजल्यावर ज्या गोष्टीला मॉडर्न म्हणतात, ती तिला आजीच्या काळापासून माहीत आहे. पण ती हे फुशारकीने सांगत नाही, आणि मीही त्याला स्वातंत्र्य वगैरे म्हणून गोंडस करणार नाही. त्यामागे पैसा नसणं हे कारण होतंच. लग्नासाठी सावकाराकडून, जमीनदाराकडून उचल घ्यायची आणि मग नवराबायकोने जन्मभर त्याच्याकडे राबायचं, अशी याच डहाणू-तलासरीच्या भागात रीत होती. त्या माणसाला लग्नगडी म्हणायचे. गोदावरी परुळेकरांनी 'जेव्हा माणूस जागा होतो'मध्ये हे सारं लिहिलंय. १९४५ चं वारल्यांचं बंड ज्या गोष्टींविरुद्ध उठलं, त्यांत ही लग्नगडीची वेठ होती. लग्न म्हणजे कर्ज हे समीकरण आमच्या जिल्ह्याने फार मोठी किंमत मोजून शिकलेलं आहे.

आणि तरी याच लोकांनी लग्नाचं जे चित्र काढलं, ते जगभर गेलं. वारली चित्रांतला मूळ मान लग्नचौकाचा. तो भिंतीवर सुवासिनींनी काढायचा, मधे पालघाट देवी, आणि लग्न लावणारी पुरोहितही बाईच, धवलेरी. गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांनी ही बायकांची कला पुरुष असून हातात घेतली आणि रोजच्या जगण्यावर चित्रं काढत सुटले. त्यांना पद्मश्री मिळाली २०११ ला, म्हणजे ज्या वर्षी 'पंचनामा' आला त्याच वर्षी. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काडीचा संबंध नाही. मला आपलं शेजारी शेजारी ठेवून बघावंसं वाटलं. बाई भिंत रंगवते, बाई मंत्र म्हणते, तेव्हा कुठे नवरदेव घोड्यावर चढतो.

आता माझ्या नियमांच्या कागदाकडे वळते. त्यात पाचवा नियम आहे, 'मैत्रिणींना वर आणायचे नाही.' तो मी अजून काढून टाकलेला नाही. शेजार आहे, माझी स्वतःची शिकणारी मुलगी आहे, आणि काही झालं तर पोलीस मालकालाच पहिला फोन करतात. पण पोरांनी भेटायचं कुठे, हा प्रश्न मला पडत नाही असं नाही. रविवारी केळव्याच्या सुरूच्या बनात जा, चिंचणीच्या किनाऱ्यावर जा, पावसाळ्यात मनोर रस्त्यावर वाघोबा खिंडीत जा. हेल्मेट न काढता बोलत बसलेली जोडपी दिसतील. गावात कुणी ओळखू नये म्हणून हेल्मेट. दोघांच्या सुट्ट्या एका दिवशी आल्या तरच ही चैन, कारण साप्ताहिक सुट्टी कंपनीगणिक वेगळी. त्याची नाइट संपते तेव्हा तिची जनरल सुरू होते. १९४८ च्या कारखाना कायद्यात बायकांना रात्रपाळीला मनाई होती. ती अलीकडे अटी घालून सैल झाली असली तरी इकडे लॅबच्या मुली बहुतेक दिवसाच असतात. प्रेमात दुरावा का आला, याचं उत्तर शोधायला भाषण कशाला, दोघांचे शिफ्टचे तक्ते शेजारी लावा.

साताऱ्याचं तसंच झालं. मुलगी सफाळ्याची, माझ्याच डब्यातली. हे दोघं एकमेकांचे आहेत हे मला वर आणि खाली अशा दोन्हीकडून वेगवेगळं कळलं, आणि मी दोन्हीकडे गप्प राहिले. वर ऐकू यायचं, "ती हल्ली फोनच उचलत नाही." गाडीत ऐकू यायचं, "तो झोपेतून उठून फोन करतो, आणि मी तेव्हा मशिनवर असते." मशीन म्हणजे एचपीएलसी. औषधात काय किती आहे ते तपासायचं यंत्र, महागडं आणि लहरी. तिचा त्यावर हात बसला होता, आणि ज्याचा हात एचपीएलसीवर बसला त्याला वापीपासून अंकलेश्वरपर्यंत कुठेही मागणी असते. तिला अंकलेश्वरहून बोलावणं आलं, पगार जवळजवळ दीडपट. त्या सकाळी तिने पेढे वाटले, मलाही दिला. मैत्रिणीने त्याचं काय, असं विचारल्यावर म्हणाली, "त्याला म्हटलं तूही ये, तिकडे प्रॉडक्शनला जागा आहेत. तो म्हणाला, बायकोच्या मागे मागे गुजरातला गेला असं गावात म्हणतील." मग थोडं थांबून, "अजून बायको झाले नव्हते, तरी."

संध्याकाळी वर धुळे साताऱ्याचं सांत्वन करत होता, "सगळ्या अशाच असतात भावा, करिअर बघतात." भाषणाची सुरुवातही झाली. सातारा पहिल्यांदाच टाळ्या न वाजवता उठला आणि खाली येऊन मला विचारलं, "काकू, अंकलेश्वरला थेट गाडी कुठली?" मी टाइमटेबल काढून दिलं. तो गेला की नाही, ते इथे सांगत नाही. ते त्या दोघांचं आहे, आणि तसंही माझ्या मुद्द्याला त्याची गरज नाही.

मुद्दा एवढाच, की इथे एक सिनेमा पडून आहे आणि कुणी उचलत नाही. नव्या नात्यांवर मराठी सिनेमे येतात, बरेही असतात. 'मुरांबा'मध्ये २०१७ साली वरुण नार्वेकरांनी ब्रेकअप झालेल्या पोराच्या आईवडिलांना मधे आणून छान गंमत केली. पण तिथलं घर ऐसपैस होतं. मालिकेतले एकत्र राहणारे दोस्तही मुंबईच्या फ्लॅटमध्येच सापडतात. तारापूरच्या अणुवीज केंद्राने १९६९ पासून देशाला वीज दिली, आजूबाजूच्या कारखान्यांनी औषधं, पोलाद, कापड दिलं. तिथे शिफ्ट करणाऱ्या हजारो पोरापोरींची एक प्रेमकथा मराठी पडद्यावर यायला काय हरकत आहे? सगळं तयार आहे. मेसचा डबा आहे, डहाणू लोकल आहे, मामांचे फोन आहेत, हेल्मेटमधली जोडपी आहेत, धुण्याभांड्याच्या ताईचं हसू आहे. खलनायक हवाच असेल तर घरमालकीण घ्या, माझी हरकत नाही.

लिहिणाऱ्यांना एकच विनंती. पोराला गच्चीवरचं भाषण द्या, हवं तेवढं लांब द्या, आम्ही हसू. त्यानंतर कॅमेरा सकाळच्या लेडीज डब्यात न्या आणि पेढे वाटणाऱ्या त्या मुलीलाही तेवढीच मिनिटं बोलू द्या, मधे कट न करता.